जुन्या झेनला (१९९७) नीट बसणारा होज आणि रेडिएटर कुठे मिळेल?

अजिंक्यतारा
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय पण गेले चार महिने डोक्याला ताप झालाय म्हणून सगळंच सांगतो. बाबांची १९९७ ची मारुती झेन आहे, कार्ब्युरेटरवाली, एसी आहे. बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली, आता गाडी मी चालवतो, आईला पुण्याला डॉक्टरकडे न्यायची आणायची ती हिच्यातूनच. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढताना तापमानाचा काटा एकदम वर गेला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिक टाकीला चीर, कुलंट सगळा रस्त्यावर.

गॅरेजवाल्याने बाजारातला रेडिएटर आणून टाकला आणि तिथून पुढे एकेक सुरू झालं. रेडिएटरचे खालचे पाय रबराच्या बुशात बसेनात म्हणून बुश कापले. जुन्या फॅनच्या श्राउडची, म्हणजे भोवतीच्या कव्हरची, भोकं जुळेनात म्हणून श्राउडसकट फॅन काढला आणि दुसरा फॅन जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून बांधला. खालचा होज (रेडिएटरकडून इंजिनाकडे जाणारी पाण्याची रबरी नळी) दोनदा आणला, एक लांबीला जास्त, दुसरा तोंडाला सैल, तो क्लिप आवळून आवळून बसवलाय. थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावर उघडणारा वॉल्व्ह) काढून टाकला, म्हणे आपल्या हवेत लागत नाही.

आता गावात ठीक चालते. पण हायवेला ८० च्या वर दहा मिनिटं नेली की काटा चढतो आणि घाटात तर मी जाणंच बंद केलंय. मला जुगाड नकोय, जसं कंपनीतून आलं होतं तसं बसणारं सामान हवंय. साताऱ्यात दोन दुकानांत 'झेनचं आता काही येत नाही' एवढंच उत्तर. कुणाला अनुभव आहे का?

बुलेटराजे
भाऊ २८ वर्षांची गाडी झाली, विकून एखादी सेकंडहँड वॅगनआर घ्या. आईंना चढाउतरायलाही बरं पडेल.

अजिंक्यतारा
बुलेटराजे, तुमचं म्हणणं समजतं. पण बाबांनी पहिली नवी कोरी गाडी म्हणून ही घेतलेली, आई अजून मागे न बसता त्यांच्या शेजारी बसायची त्याच सीटवर बसते. पासिंगही मागच्या वर्षीच पाच वर्षांसाठी करून घेतलंय. विकायची नाही.

बुलेटराजे
मग विषय संपला. माझे शब्द मागे. लढा.

नाना_पेठेतला
मी स्पेअर पार्टच्या धंद्यात २२ वर्षं आहे, पुण्यात. दुकानात जाऊन नुसतं 'झेन' म्हणू नका, निम्मा घोळ तिथेच होतो. झेन नावाच्या गाड्या मोजा: तुमची कार्ब्युरेटरची, नंतरची एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनची, मध्ये एक डिझेल आली होती जिच्यात प्युजोचं १.५ लिटरचं इंजिन होतं, आणि २००६ च्या शेवटी आली ती झेन एस्टिलो, तिचा तर तुमच्या गाडीशी नावापलीकडे संबंध नाही, इंजिनसुद्धा वेगळं. काउंटरवरचं पोरगं विशीतलं असतं, त्याला झेन म्हणजे एस्टिलोच माहीत. त्यात परत एसी आणि बिनएसी. एवढ्यातून बरोबर वस्तू हातात यायची तर नशीबच पाहिजे.

पार्ट नंबर सांगा. मारुतीच्या नंबरात पहिले पाच आकडे वस्तू कोणती ते सांगतात, १७४०० म्हणजे वॉटर पंप, १७६७० थर्मोस्टॅट, १७७०० रेडिएटर. मग एम, आणि त्याच्यापुढे गाडीचा कोड. म्हणजे खोक्यावर १७७०० बघून खूश होऊ नका, पुढचा भाग जुळला पाहिजे. कंपनीच्या काउंटरवर चासी नंबर दिलात तर ते कॉम्प्युटरवर बघून सांगतात, आणि जुना नंबर बंद होऊन नवा लागला असेल तर तोही तिथेच दिसतो. आरसी बुक घेऊन जा.

चहा_कडक
थर्मोस्टॅट काढला ते बरोबरच केलं. माझी ८०० बारा वर्षं बिनाथर्मोस्टॅटची चालली, नागपूरच्या उन्हात, कधी गरम नाही झाली. आपल्याकडे थंडी असते किती.

रानजाई
@चहा_कडक दादा, इथे मी नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणणार. थर्मोस्टॅट हा थंडीसाठीचा पार्ट नाहीये. इंजिन ठरलेल्या तापमानाला लवकर पोचावं आणि तिथेच राहावं यासाठी तो असतो. काढला की इंजिन बराच वेळ थंड राहतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओलावा राहून ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट साय जमते. तुम्ही झाकण उघडून कधी बघितलंय का? आणि खरा त्रास असा की रेडिएटर अर्धा चोंदलेला असला तरी गावातल्या गावात कळत नाही, कळतं ते एकदम घाटात.

माझी १९९९ ची एस्टीम आहे, मी सगळं स्वतः करते. नवा थर्मोस्टॅट आणला की आधी घरी तपासायचा. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने अधांतरी टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि सोबत थर्मामीटर. वॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवला की उघडल्यावर तो आपोआप सुटून खाली पडतो, तो आकडा लिहून घ्यायचा. थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो, त्याच्या एकदोन अंश इकडेतिकडे उघडला की चांगला. मी मागच्या वर्षी तीन आणले, ८२ लिहिलेल्यातला एक ९१ ला उघडला आणि एक उघडलाच नाही, नवाकोरा! सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, पातेल्यात बघून म्हणाल्या, 'हे कधी शिजणार?' आता दर वेळी त्याच विचारतात, शिजला का गं तुझा वॉल.

बसवताना छोटी पिन असलेलं भोक वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथून निघते.

चहा_कडक
ताई आत्ताच जाऊन झाकण उघडून बघितलं. साय आहे. 🙏 रविवारी थर्मोस्टॅट आणतो.

फियाटप्रेमी_दादर
माझ्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आमच्या पद्मिनीवाल्यांचं मुंबईत एक बरं होतं, टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर पार्ट गल्लोगल्ली मिळायचे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली. वॉटर बॉडी (म्हणजे वॉटर पंप), फॅन बेल्ट, होज हे सगळं ज्या दुकानात सकाळी मागितलं की दुपारी मिळायचं तिथे आता मोबाईलचे कव्हर विकतात. ते दुकान बघून मला खरंच गलबलून आलं होतं.

पण रेडिएटरच्या बाबतीत आम्ही अजून सुखी, कारण तो तांब्यापितळेचा. गळला तर डाग देता येतो, चोंदला तर टाक्या उघडून सळई मारून साफ होतो, अगदीच गेला तर जुन्या टाक्या तशाच ठेवून मधली कोअर नवी. टाक्या आणि पाय मूळचेच राहतात, मग न बसण्याचा प्रश्नच नाही. अजिंक्यतारा, तुमचा जुना रेडिएटर कुठाय?

अजिंक्यतारा
@फियाटप्रेमी_दादर काका, तो ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लास्टिकच्या. गॅरेजवाल्याकडेच राहिला. भंगारात दिला असेल. रानजाई ताई, हे पातेल्याचं लगेच करतो.

उद्यमनगरी
कोल्हापुरातून. होजचं मी सांगतो. मोल्डेड, म्हणजे साच्यातच वळण दिलेला, होज मिळत नसेल तर सिलिकॉनचे ९० आणि ४५ अंशाचे बेंड मिळतात, मध्ये ॲल्युमिनियमच्या पाईपचा तुकडा घालून हवा तसा आकार करता येतो. तुकड्याच्या दोन्ही टोकांना बारीक कडा उठवून घ्यायची म्हणजे होज सटकत नाही, आमच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे दहा मिनिटांत होतं. माझ्या जुन्या जीपला असंच आहे, सहा वर्षं आंबा घाटातून ये-जा, थेंब नाही.

नाना_पेठेतला
@उद्यमनगरी तुमचं काम चांगलंच असणार पण जीपमध्ये जागा ऐसपैस असते, झेनमध्ये नाही. प्रत्येक जोडाला दोन क्लिप म्हणजे एका होजला चार जागी गळायची शक्यता. त्यांना कंपनीसारखं हवंय ना, आधी मोल्डेड शोधू, नाहीच मिळाला तर तुमचा उपाय.

उद्यमनगरी
मान्य. दोनाचे चार होतात हे खरं.

मांडवीकाठ
पणजीहून. कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, खालचा होज इंजिनाच्या ज्या लोखंडी पाईपला जातो, जो ब्लॉकच्या बाजूने वॉटर पंपापर्यंत जातो, तो बघितलात का? आमच्याकडे खाऱ्या हवेने तो हमखास खातो. वरून रंग दिसतो, आतून पापुद्रे. माझ्या झेनचा होज सैल बसतो म्हणून मी दोन होज बदलले, शेवटी कळलं की होज बरोबर आहे, पाईपचं तोंडच गंजून बारीक झालंय. दुसऱ्या टोकाला पंपात एक ओ रिंग असते, पाईप काढलात तर ती नवीनच घाला.

रानजाई
हे फार महत्त्वाचं. म्हणून व्हर्नियर घेऊन दोन्ही मापं घ्या, होजचं आतलं आणि ज्याच्यावर चढणार त्या नळीचं बाहेरचं, तेही दोनतीन जागी फिरवून. होज हाताने दाबून, थोडा जोर लावून चढला पाहिजे. सहज सरकला तर क्लिप कितीही आवळा, उपयोग नाही, उलट क्लिप रबर कापते.

आणि एक विचारते, गॅरेजवाल्याने कुलंटच्या नावाखाली काय भरलंय? बोअरचं पाणी?

अजिंक्यतारा
बोअरचंच. 😔 हिरवा कुलंट थोडा वरून घातला म्हणाला.

रानजाई
काढा ते. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, आतून पांढरा थर धरतो आणि थर म्हणजे गोधडीच, उष्णता बाहेर पडत नाही. एक तर रेडीमिक्स घ्या किंवा कॉन्सन्ट्रेट आणि बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर. रंग बघून दुसऱ्या जातीचा मिसळू नका, रंग ज्याचा तो कंपनीवाला ठरवतो.

ट्युलिप
मी मूळची चिपळूणची, आता नेदरलँड्समध्ये असते. हा धागा बघून राहवलं नाही कारण इथे माझ्या डच शेजाऱ्याकडे तुमचीच गाडी आहे! नव्वदच्या दशकात झेन भारतातूनच युरोपात यायची, सुझुकी आल्टो नावाने. इथल्या पार्टच्या कॅटलॉगमध्ये 'सुझुकी आल्टो ईएफ, १.० लिटर' असं शोधलं की थर्मोस्टॅट, वॉटर पंप, कॅप सगळं दिसतं, मापांच्या ड्रॉइंगसकट. तुम्ही विकत नका घेऊ, पाठवणी महाग पडेल, पण ड्रॉइंग बघायला काय लागतं. थर्मोस्टॅटचा व्यास, पंपाच्या भोकांची जागा, सगळं आकड्यात दिलेलं असतं. होज मात्र जुळतीलच असं समजू नका, इथल्या गाड्या इंजेक्शनच्या.

नाना_पेठेतला
@ट्युलिप ताई वा! २२ वर्षं धंद्यात आहे पण हे डोक्यात आलं नव्हतं. ड्रॉइंग सापडलं तर मला दुकानात छापून लावायचंय.

बुलेटराजे
म्हणजे गाडी फॉरेन रिटर्न निघाली. मी विका म्हणालो होतो ते कुणी लक्षात ठेवू नका.

मेकॅट्रॉन
आत्ता सगळं वाचलं. दोन गोष्टी जुळत नाहीयेत. गाडी घाटात तापते ती कमी वेगात, तिथे काम फॅनचं. हायवेला ८० च्या वर तापते तिथे वारा भरपूर असतो, फॅनचा फारसा संबंध नाही. म्हणजे दुखणी दोन आहेत.

फॅनसाठी: फॅन चालू असताना बॉनेटसमोर वर्तमानपत्राचं पान धरा. आत ओढलं जाऊन चिकटलं पाहिजे. बाजारातल्या फॅनच्या वायरी उलट जोडल्या की तो उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच ढकलतो. शिवाय श्राउड नसेल तर फॅन फक्त त्याच्यासमोरच्या गोलातून हवा ओढतो, जाळीचे कोपरे तसेच राहतात.

हायवेसाठी: इंजिन गरम असताना कुणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि तुम्ही खालच्या होजकडे बघा. हात लांब ठेवा, बेल्ट आणि फॅन आहे तिथे. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूचा. रबर मऊ असेल तर आरपीएम वाढला की तो स्ट्रॉसारखा चपटा होतो आणि पाणीच बंद. गाडी उभी केली की परत गोल, त्यामुळे गॅरेजमध्ये कुणाला दिसत नाही.

रेडिएटरच्या कॅपवरचा दाबाचा आकडाही वाचा. ०.९ असेल तर पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कॅप ढिली असेल तर शंभरलाच. पण म्हणून १.१ ची घालू नका, जुन्या प्लास्टिक टाकीवर तेवढा दाब यायला नको.

अजिंक्यतारा
मेकॅट्रॉन, हात जोडतो. आत्ता करून आलो. पेपर धरला तो उडून माझ्याच तोंडावर आला. म्हणजे चार महिने फॅन उलटा फिरतोय! बायकोने ॲक्सिलरेटर दाबला आणि मी टॉर्च मारून बघितलं, खालचा होज मधोमध चपटा होत होता, डोळ्यांनी बघितला. कॅप १.१ ची निघाली.

मला राग येण्यापेक्षा बरं वाटतंय की कारण दिसलं.

फियाटप्रेमी_दादर
शाब्बास. आता फक्त वायरी उलटवून थांबू नका. त्या गॅरेजला जाऊन भंगाराच्या ढिगात बघा, रेडिएटर लगेच कुणी विकत नाही, साठवून विकतात.

मांडवीकाठ
आणि इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं आहे, लक्षात ठेवा. तापलेलं असताना तसंच ओढलं की हेड वाकतं. हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं गॅसकेट) एकदा तपासून घ्या, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत का.

अजिंक्यतारा
दहा दिवसांनी लिहितोय, उशिराबद्दल माफी.

काका, तुमच्या तोंडात साखर पडो. जुना रेडिएटर गॅरेजच्या मागे टायरांखाली होता! गॅरेजवाल्याने स्वतः शोधून दिला, एक रुपया घेतला नाही, वर म्हणाला मला वाटलं तुम्हाला नको असेल. पुण्यात एका रेडिएटरवाल्याकडे नेला, त्याने कडेची घडी उघडून चिरलेली टाकी काढली, त्याच मापाची नवी टाकी नव्या रबर गॅसकेटसकट बसवून घडी परत दाबली, हवा भरून पाण्यात बुडवून दाखवलं. जाळी आतून धुतली तेव्हा जो चिखल निघाला तो मी फोटो काढून ठेवलाय. पाय रबरात टप्पकन बसले. नवे बुश घातले. श्राउड चारही बोल्टवर, जुना फॅन परत त्याच्यावर, पेपर आता चिकटतो.

होजची गोष्ट अशी की नाना पेठेतल्यांनी सांगितल्याप्रमाणे आरसी घेऊन कंपनीच्या काउंटरला गेलो. नंबर मिळाला, माल नाही. मग बाबांच्या कपाटात जुन्या बिलांची फाईल होती, त्यात २००८ चं होजचं बिल, त्याच्यावरही तोच नंबर! तो घेऊन नाना पेठेत फिरलो, चौथ्या दुकानात पिशवीत गुंडाळलेला एकच निघाला.

नाना_पेठेतला
घेतलात ना? पण थांबा, जुना स्टॉक म्हणजे रबरही जुनं. दाबून वाकवून बघितलात का, बारीक भेगा?

अजिंक्यतारा
बघितलं. दुमडून भिंगाने बघितलं, भेग नाही, आणि हातात घट्ट लागतो, बाजारातल्यासारखा लिबलिबीत नाही. लोखंडी पाईपचं तोंड पॉलिश पेपरने घासलं, मापात आहे, गंज वरवरचा होता. थर्मोस्टॅट पातेल्यात ८३ ला उघडला, दोरा पडला तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या. ०.९ ची कॅप. बुडबुडे नाहीत.

रानजाई
आईंना माझा नमस्कार सांगा. वॉटर पंपाचं काय केलंत? तुमच्या इंजिनाला पंप काढायचा तर टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, तेव्हा बेल्टची वेळ झाली असेल तर दोन्ही एकदमच करा. नवा पंप आला की जुन्याशेजारी ठेवून पुलीची उंची बघा, दोनतीन मिलीमीटरचा फरक असला की पंखापट्टा तिरका चालतो आणि कुईकुई करतो.

अजिंक्यतारा
पंप सध्या कोरडा आहे, पुली हलवून बघितली तर खेळ नाही. दिवाळीनंतर बेल्टबरोबर करणार.

काल आईला घेऊन गेलो होतो. परत येताना खंबाटकीच्या पायथ्याशी मी एसी बंद करायला हात पुढे केला तर आई म्हणाली राहू दे, बघू तरी. एसी चालू ठेवून दुसऱ्या तिसऱ्यावर अख्खा घाट चढलो, पुढे ट्रक होता, त्याच्या मागे रांगतच. काटा अर्ध्याच्या खाली. वर पोचल्यावर फॅनचा आवाज आला, मिनिटभर चालला, बंद झाला.

मेकॅट्रॉन
तो आवाज ऐकायला फार बरं वाटतं ना.

चहा_कडक
अभिनंदन! आमचाही थर्मोस्टॅट बसला, सकाळी गाडी लवकर गरम होते हे बारा वर्षांत पहिल्यांदा कळलं. अजिंक्यतारा, त्या होजचा पूर्ण नंबर इथे टाकून ठेवा ना, आमच्या शेजाऱ्यांची ९८ ची झेन आहे आणि तिचाही खालचा होज मला मऊ वाटतोय.

अजिंक्यतारा
टाकतो. बिल घरी आहे, संध्याकाळी फोटोच देतो. त्यांची एसीवाली आहे का ते आधी विचारा.